गाळलेलं पाणी

माझ्यादेखत बाईंनी टाकीची तोटी सोडली. सगळं गाळलेलं पाणी मोरीतून वाहून गेलं. मी त्यातनं एक तांब्या घेतला होता, एवढंच. मांडीवर माझी चार वर्षांची पोर होती. तिच्या डोक्यावर फोड आले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वच्छ पाण्यानं धुवा.

बाई म्हणाल्या, "आता हे पाणी अंगावर कसं घेऊ मी?"

राजाजीनगरात त्यांचं नवं घर होतं. साहेब सरकारी कारखान्यात इंजिनियर. माणसं पुण्याकडची. आम्ही निपाणीकडून आलेलो, नवरा मंडईत हमाल. मी कामाला लागले तेव्हा बाई केवढ्या खूश झाल्या होत्या. इथं सगळा कानडी मुलूख, त्यात आपल्याकडची मराठी बाई मिळाली, असं शेजारणीला सांगत होत्या. मग त्यांनी जात विचारली. त्यानंतर 'आपल्याकडची' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

नळाला तेव्हा गढूळ पाणी यायचं. गंजानं लाल, कधी तळ्यासारखा वास. बाईंचे केस गळायला लागले म्हणून साहेबांनी गच्चीवर दोन टाक्या बसवल्या. वरच्या टाकीत खडी, वाळू, कोळसा. त्यातनं झिरपून पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि तिथून नळीनं न्हाणीघरातल्या शॉवरला. वाळूवर गाळ धरला की ती काढून धुवायची. ते काम माझं. लाल, बुळबुळीत गाळ. हात कोपरापर्यंत खाजायचे.

वाळू धुताना माझे हात चालायचे. पाणी गाळून झालं की चालायचे नाहीत.

मागच्या अंगणात भांडी घासताना मला शॉवरचा आवाज यायचा. बाई सावकाश न्हायच्या. बाहेर येऊन उन्हात केस सोडून बसायच्या, मऊ, काळेभोर. त्यांची बेबी माझ्या पोरीच्याच वयाची. तिची नितळ कातडी बघून माझा जळफळाट व्हायचा. आमच्या वस्तीत शंभर घरांना एक नळ, त्यालाही तेच लाल पाणी, वर गाळायला काही नाही. बेबीच्या डोक्यातही एकदा फोड यावेत असं मला वाटायचं. सांगायला लाज वाटत नाही. खरंच वाटायचं.

एकदा घरात कुणी नसताना मी त्या कोरड्या शॉवरखाली जाऊन उभी राहिले. तोटीला हात लावला नाही. नुसती उभी राहिले आणि बाहेर आले. त्या भित्रेपणाचा राग मला बरेच दिवस होता. म्हणून त्या दिवशी पोरीसाठी तांब्या भरला. विचारलं असतं तर मिळाला नसता.

टाकी रिकामी झाली. बाईंनी मला सगळी वाळू काढून, धुऊन परत भरायला सांगितलं.

मी म्हणाले, "वाळू पण माझ्याच हातानं धुतलीय, बाई. रोज तेच पाणी अंगावर घेता तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "उद्धटपणा नको. वाळू भर."

"नाही भरणार."

पोरीला कडेवर घेतलं आणि निघाले. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं केलंस.

शेजारच्या लक्ष्मक्कानं तिची तळाला भोक पडलेली घागर दिली. "स्वल्प गळते, पण तुला चालेल," म्हणाली. तिच्यात वाळू-कोळसा भरून मी पाणी गाळायला लागले. फोड बसले. वण राहिले. तिथं केस कधी उगवले नाहीत.

महिन्याभरानं बाईंनी दूधवाल्याकडून निरोप धाडला. परत ये, तुझ्या पोरीसाठी वेगळी बादली ठेवते. त्यांना ती मोठी मेहरबानी वाटली असणार. मी उलट निरोप दिला, येणार नाही.

वेगळी बादली नको मला. मला ते न्हाणीघर हवं. माझ्या पोरीनं आतनं कडी लावून, कुणाला न विचारता, हवं तेवढं पाणी डोक्यावरनं सोडावं, हे मला हवं. पुढं लोक म्हणत राहिले, हेवा करू नये, आहे त्यात समाधान मानावं. मी मानलं नाही. जोवर ते पाणी माझ्या घरात येत नाही तोवर मी हेवा करणार, आणि पोरीलाही करायला शिकवणार.