न पडलेले दगड

तेव्हा मी आमच्या पेपरात उपनगरांचं पान बघायचे. ऑफिस अंधेरीत, घर मुलुंडला, आणि बातमी असेल तिथं मी. एके सकाळी मीटिंग चालू असतानाच सगळ्यांच्या फोनवर एकच व्हिडिओ आला. अरुंद गल्ली, धूर, दोन्ही बाजूंनी दगड. खाली एका गल्लीचं नाव लिहिलं होतं, मानखुर्द, आत्ता. वृत्तसंपादक माझ्याकडे वळले. "नीघ. आधी पोहोच, चहा मग पी."

घाटकोपरहून रिक्षा केली. गल्ली लगेच सापडली, कारण तोंडाशीच पोलिसांची व्हॅन उभी होती. हवालदार म्हणाले, "व्हिडिओ बघून आलो आम्ही. तुम्ही पण ना?"

गल्लीच्या एका बाजूला कोकणातल्या माणसांची घरं, गिरण्या बंद पडल्यावर इथं आलेली. समोर मुसलमानांची. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटं टेकतील एवढंच अंतर. अकरा वाजले होते आणि एकही दार उघडं नव्हतं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. जमिनीवर साधा खडाही नव्हता.

सगळ्या घरांत टीव्ही चालू होता. एकच चॅनल. एकाच बाईचा आवाज डावीकडून, उजवीकडून, वरच्या माळ्यावरून येत होता आणि सांगत होता, की या क्षणी या गल्लीत तुफान दगडफेक सुरू आहे. मी गल्लीच्या मधोमध उभी होते. सांगायला लाज वाटते, पण माझा हात आपोआप डोक्यावर गेला.

एका पायरीवर म्हातारी कोळीण पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. रोज या गल्लीत मासे विकणारी.

"कुणी दार उघडत नाय गो," ती म्हणाली. "बोंबील मऊ पडायला लागले."

"दगडफेक कधी झाली, मावशी?"

"कसली दगडफेक? आठपासून इथंच बसलेय मी. मांजरपण नाय गेलं इथून."

तेवढ्यात समोरची खिडकी बोटभर उघडली. आत एक वयस्कर शिंपी होते, गळ्यात टेप. "मॅडम, बाहेर काय चाललंय?"

"काही नाही, चाचा. बघा ना, मी तुमच्या दारातच उभी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे, मग परत माझ्याकडे. मी त्यांना दिसत होते, पण पटत नव्हते. खिडकी मिटली. आतून कडी लागली.

मी व्हिडिओ पुन्हा सावकाश बघितला. त्यातल्या दुकानाची पाटी वेगळ्याच लिपीत होती. ही गल्ली नव्हतीच. मी ऑफिसला फोन लावला.

"सर, इथं काहीच झालेलं नाही."

"काहीच झालं नाही, ही बातमी मी कुठं लावू? पोलीस आहेत?"

"एक व्हॅन आहे."

"दारं बंद?"

"बंद आहेत, पण ती—"

"मग झालं की. कडक बंदोबस्त, तणावपूर्ण शांतता. दीडशे शब्द पाठव."

व्हॅनला टेकून मी ते दीडशे शब्द फोनवर टाइप केले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. व्हिडिओ दुसरीकडचा आहे, हे मी लिहिलं, पण अगदी शेवटी. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. हे मला पहिल्या नोकरीपासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ती ओळ नव्हती.

आठवड्याने मी परत गेले. कुणी पाठवलं नव्हतं. गल्लीच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाच्या उंचीचे निळे पत्रे ठोकले होते. शिंपी आता दुकानात बसले होते. मला ओळखून त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतःहून सांगायला लागले, "त्या दिवशी काय दगड आले, मॅडम! तुम्ही होतात ना. या खिडकीतून बघितलं मी." पत्र्यापलीकडे एका मालवणी बाईने मला भिंतीवरची खूण दाखवली. "ह्यो बघा, दगड हयसर लागलो." ती खिळ्यांची भोकं होती. तीन, एका रेषेत. पण ती बाई थापा मारत नव्हती. सांगता सांगता तिने डोकं वाचवायला हात वर घेतला.

कोळीण मावशी गल्लीच्या तोंडाशी बसली होती. मी जवळजवळ धावतच तिच्याकडे गेले. "मावशी, तुम्ही इथंच होतात. सांगा ना सगळ्यांना."

ती पापलेटावर पाणी मारत राहिली. मग हळूच म्हणाली, "व्हते गो बाय. पण एवढी माणसं सांगतात. लागला असंल माझा डोळा घटकाभर."

मी सगळं लिहून दिलं, यावेळी व्हिडिओची ओळ पहिली. वृत्तसंपादकांनी छापलंही, आतल्या पानावर. पत्रे हलले नाहीत. त्या वर्षाच्या अखेरीस मी रिपोर्टिंग सोडलं.

गेल्या महिन्यात एका नव्या बातमीदार मुलीचा फोन आला. "जुन्या दंगलग्रस्त वस्त्या" अशी मालिका करत होती आणि त्या गल्लीबद्दल तिला विचारायचं होतं. मी सांगितलं, तिथं दंगल झालीच नव्हती. मी स्वतः उभी होते.

तिने आवाज खाली आणला. मग आदराने म्हणाली, "मॅडम, हे ऑफ द रेकॉर्ड सांगताय का?"