आवाजाच्या डब्या

बाईंचा हात फळीपाशी मध्येच थांबायचा. खेळणं काढायला वर गेलेला हात तिथेच राही, बाई वळून मुलाकडे पुन्हा एकदा बघत, आणि हात खालच्या फळीवर येई. "असू दे. महिनाभर हेच," त्या म्हणत. बस्स, एवढंच. पण समोर बसलेली आई धास्तावून मुलाला जवळ ओढायची. तुमच्याही मुलाकडे कुणी कधी असं न बोलता दोनदा पाहिलं असेल, तर ती धास्ती तुम्हालाही ठाऊक असेल.

कर्वेनगरात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये बाईंची खेळण्यांची लायब्ररी होती. आयुष्यभर बालवाडीत शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती काढली. भिंतीला चार फळ्या. सगळ्यात खाली खुळखुळे आणि एकात एक बसणाऱ्या वाट्या, त्यावर दांडीत घालायच्या चकत्या, त्याच्याही वर भातुकली आणि चित्रांचे तुकडे. अगदी वर सापशिडीसारखे, आपली पाळी येईपर्यंत थांबायला लावणारे खेळ. नव्या मुलाचं वय त्या विचारत नसत. आईने सांगितलंच तर म्हणत, "ते राहू द्या. हात बघू." मग मुलाला सतरंजीवर बसवून समोर काहीतरी ठेवायचं आणि गप्प बसायचं. दहा मिनिटं, कधी अर्धा तास.

एकदा एक आयटीतले बाबा आले. मुलगा अडीच वर्षांचा. "मॅडम, ही इज व्हेरी अॅडव्हान्स्ड. त्याला सिक्स प्लसचं काही द्या ना." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सहाच कशाला? मुंजीचंही बघून टाका." आणि पोराच्या हातात रिकामं खोकं दिलं. पोरगं त्यात जे शिरलं ते निघेचना. बाबा मात्र सगळा वेळ घड्याळ बघत उभे होते.

आम्ही आया हसायचो, पण बाईंना घाबरायचो. त्याला कारण होतं. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी चित्र जुळवताना मान तिरकी करायची. बाई तिच्या आईला म्हणाल्या, "डोळे दाखवून घ्या." आई चिडली. पंधरा दिवसांनी मुलीला जाड भिंगांचा चष्मा लागला. असं आणखी दोन मुलांच्या बाबतीत झालं. मग बाईंच्या थांबलेल्या हाताची बातमी, ती आई फाटकाबाहेर पडायच्या आत, सोसायटीच्या ग्रुपवर जाऊ लागली.

ईशान, माझा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा होता. कमी बोलायचा. हाक तीन-तीनदा मारावी लागे. आमच्या सासूबाई म्हणत, "याचे बाबाही असेच होते." मला ते ऐकायला फार बरं वाटायचं.

एका शनिवारी बाईंनी त्याच्यापुढे दहा लाकडी डब्या ठेवल्या. सगळ्या एकसारख्या, झाकणं घट्ट. आत काय आहे हे त्यांनी मला दाखवलं होतं: दोनांत तांदूळ, दोनांत रवा, दोनांत साबुदाणा, दोनांत राजमा, दोनांत टाचण्या. हलवून, आवाज ऐकून जोड्या लावायच्या. ईशानने एक डबी उचलली, उलटीपालटी केली आणि तिच्यावर दुसरी ठेवून मनोरा रचायला घेतला. बाई बराच वेळ बघत होत्या.

"सर्दी झालीये का याला?"

"नाही."

"डबी कानाशी नेत नाही हा." मग म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी परत आणा. मला पुन्हा बघायचंय."

शेजारी ग्रुपवरच्या दोन आया बसल्या होत्या. माझे कान लाल झाले. आता ही बातमी होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुलाचं काय, हा प्रश्न मला त्या आठवड्यात एकदाही पडला नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच सांगायला हवं.

तुळशीबागेत तशाच डब्या मिळाल्या. मी घरी तांदूळ, रवा, सगळं तसंच भरलं आणि आठवडाभर रोज संध्याकाळी ईशानला घेऊन बसले. "कानाशी धर. हलव. आता ठेव." चौथ्या दिवशी त्याला जमायला लागलं. डबी कानाशी नेऊन झाली की तो ती तळहातावर क्षणभर तोलायचा आणि मग जोडी लावायचा. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, पोरगं हुशार आहे.

शनिवारी त्याने पाचही जोड्या बिनचूक लावल्या. प्रत्येक डबी आधी कानाशी, मग हलवून. बाई पुढे वाकल्या होत्या, त्या मागे टेकल्या. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"घरी करून घेतलंत का?"

"नाही हो बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. एवढा धीर कुठून आला कोण जाणे. "असू दे," त्या पुटपुटल्या आणि वरच्या फळीवरचा खेळ काढून दिला. येताना मी ईशानला आइसक्रीम घेऊन दिलं. महिन्याने तो खेळ परत दिला आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही.

सव्वा वर्षाने बालवाडीच्या ताईंनी आम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ऐकू फार कमी येत होतं, दोन्ही कानांनी, आणि दिवसेंदिवस आणखी कमी होत होतं. डब्या तो आवाजाने नाही, तळहातावरच्या वजनाने जुळवत होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?" बोलणं शिकण्याचे जे महिने होते, ते हातचे गेले होते. जे ऐकूच आलं नाही, ते पोर बोलणार कसं?

कानाला मशीन बसल्यावर, मनाची तयारी व्हायला आणखी काही महिने घेऊन, मी ईशानला घेऊन बाईंकडे गेले. खरं सांगायचं ठरवलं होतं. गॅरेजात गाडी उभी होती. दार बाईंच्या सूनबाईंनी उघडलं.

"लायब्ररी दीड वर्षापूर्वीच बंद झाली. आणि आई गेल्या, दोन महिने झाले."

मी विचारलं, "बंद का केली?"

"त्यांनीच केली. एका मुलाच्या कानांची शंका आली होती म्हणे. तपासून घ्या असं सांगणारच होत्या, तर त्याने सगळं बरोबर करून दाखवलं. म्हणाल्या, आता माझ्या नजरेचा भरवसा नाही. आधीही किती आयांना मी उगाच घाबरवलं असेल." त्यांनी उंबऱ्यावरच्या चपला पायाने सरळ केल्या. "शेवटपर्यंत तेच घोकत होत्या. आम्ही समजावून थकलो."

मी ईशानला पुढे केलं. "हाच तो मुलगा. बाईंचं बरोबर होतं. मी घरी शिकवून आणला होता त्याला."

त्या ईशानच्या कानांमागच्या मशीनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मग हे आता मला कशाला सांगताय?"