ब्रेकखाली गेलेली चप्पल

तुम्ही दोघांनी फोनवर ती गोष्ट मला कितीदा सांगायला लावलीत: अहमदपूरच्या पुढे गाय आडवी आली आणि आजीने गाडी कशी वाचवली. ती गोष्ट मी खोटी सांगत आले. खरी आता लिहून ठेवते.

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आजोबांची तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली, त्या साली मी गाडी चालवायला शिकले. तेव्हापासून उजव्या पायाला सुट्टी अशी नव्हतीच. पुढे तुमच्या बाबांनी घेऊन दिलेल्या छोट्या गाडीत क्रूझ कंट्रोल होता. तुमच्याकडच्या लांबलचक रस्त्यांवर त्याचं काही कौतुक नसेल, मला होतं. स्टिअरिंगवरचं बटण दाबून ऐंशीचा वेग ठरवायचा आणि पाय उचलायचा. पहिल्यांदा गाडी दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेल्यासारखी वाटली. चढ लागला की इंजिनाचा आवाज आपोआप वाढायचा. उतारावर काटा दोन-चारने पुढे जायचा आणि पुन्हा ऐंशीवर यायचा. मला शिस्तीची माणसं आवडतात, ही गाडीही तशीच निघाली. ब्रेकला नुसता पाय लागला तरी क्रूझ सुटतो, हे मला पाठ होतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला पाणी नव्हतं. डिकीत पाण्याचे कॅन भरून आम्ही नांदेडहून माझ्या नणंदेकडे निघालो होतो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. गुडघा ठणकत होता, म्हणून मी उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय सीटवर घेऊन अर्धी मांडी घातली.

"पाय खाली घे. गाडी आहे ही, झोपाळा नव्हे," आजोबा म्हणाले.

"अहो, पायाला कामच नाही. तुम्ही झोपा जरा."

"तू अशी बसल्यावर कोणाला झोप लागेल?"

एका वळणापलीकडे चारा छावणीकडे जनावरं चालली होती. सगळ्यात मागची देवणी गाय रस्त्याच्या मधोमध. साडीत अडकलेला पाय सोडवून ब्रेक दाबला, तर तो अर्ध्यावरच अडला. चप्पल सरकून त्याखाली गेली होती. वेग कमी झाला, पण गाडी थांबेना. मी स्टिअरिंग फिरवलं; बंपरचा कोपरा गाईच्या मागच्या पायाला लागला. हँडब्रेक ओढला तेव्हा कुठे गाडी कडेला थांबली.

गाईचा मालक, एक म्हातारा, खांद्याला बादली अडकवून, दोरी धरून आला. काच खाली करून मीच आधी ओरडले, "जनावर नीट धरता येत नाही का? जीव गेला असता आमचा!"

त्याने हात जोडले. "चुकलं माझं, बाई. जळकोटाकडून चालत आणलीय. लई तहानलीय, दोरीला ऐकतच न्हाई."

आजोबा उतरले. एक कॅन त्याच्या बादलीत ओतून त्यांनी ती गाईपुढे धरली. मी उतरले नाही. माझा एक पाय अनवाणी होता, आणि तो दिसला की म्हाताऱ्याला सगळं कळेल असं मला वाटलं.

गाय पाणी पीत होती, पण मागचा पाय टेकत नव्हती.

"हाड शाबूत हाय वाटतं, साहेब," तो म्हणाला. "जावा तुम्ही. बाई घाबरल्या असतील."

आजोबांनी गाडीत येऊन ब्रेकखालची चप्पल ओढून काढली आणि माझ्या पायाशी ठेवली. लातूरला दारातच नणंद म्हणाली, "वहिनी, बंपरला काय झालं?" मी म्हणाले, "गाय आडवी आली." आजोबा डिकी उघडून कॅन उतरवू लागले.

परतताना त्यांनी एवढंच म्हटलं, "छावणीत जरा बघून येऊ."

"उशीर होईल," मी म्हणाले. उशीर कसला, दुपारचे तीन वाजले होते. तो म्हातारा भेटला असता तर त्याने पुन्हा हात जोडले असते, आणि ते बघायची माझी हिंमत नव्हती. ती गाय पुढे पायावर उभी राहिली का, मला आजही माहीत नाही. छावणीचे मांडव आले तसे मागे गेले. आजोबा मात्र मान वळवून बराच वेळ तिकडे बघत राहिले.