बर्फाची स्पर्धा आणि समोरची

हिवाळी खेळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रियाधमध्ये भरवायची ही कल्पना आमच्या हॉस्पिटलच्या कॅनेडियन मेट्रनची. कुवेत इराकच्या हाती पडून दोनेक महिने झाले होते. हॉस्पिटलच्या वसाहतीत जो भेटेल तो एकच विचारायचा, लढाई होणार का, आणि झाली तर आपल्याला बाहेर काढणार कोण. आयरिश नर्सेस राजीनामे देत होत्या, फिलिपिनो नर्सेस रडत होत्या आणि आम्ही भारतीय तांदळाची पोती भरून ठेवत होतो. मेट्रनचं म्हणणं असं, की माणसांच्या हाताला काही काम दिलं नाही तर जानेवारीपर्यंत वॉर्डांत कोणी उरणार नाही. वसाहतीच्या क्लबात स्केटिंगसाठी बर्फाचं एक मैदान होतं, बॅडमिंटनची दोन कोर्टं जेमतेम मावतील एवढं. उघडपणे नाताळ करता येत नसे, पण हिवाळा साजरा करायला कुणाची हरकत असणार? म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्पर्धा. वसाहतीत जेवढ्या देशांची माणसं तेवढे संघ, शिवाय शहरातल्या दोन-तीन कंपन्यांच्या वसाहतींना आमंत्रण.

मीटिंगमध्ये पहिला हात माझा वर गेला. मी ब्लड बँकेत टेक्निशियन. बर्फाशी माझा संबंध रक्ताच्या पिशव्या गार ठेवण्यापुरता. पण मेट्रन म्हणाली होती, की बारा ते चौदा वर्षांच्या मुलींचा वेगळा गट असेल. माझी मुलगी त्या गटात बसत होती आणि नाताळच्या सुट्टीत ती यायची होती. ती पुण्याला आजीकडे राहायची. नवरा त्याच हॉस्पिटलच्या हिशेब खात्यात, मी ब्लड बँकेत, दोघांच्या ड्युट्या वेळीअवेळी. शाळेतून आलेल्या पोरीला दार उघडायला घरात कोणी नाही, म्हणून तिला तिकडे ठेवली. आधीच्या हिवाळ्यात ती याच बर्फावर स्केटिंग शिकली होती आणि जाताना विमानतळावर रडली होती. मी तिला पत्रानं कळवलं, या वर्षी तू स्पर्धेत आहेस.

आता समोरचीबद्दल सांगायला हवं. आमच्या दारासमोर राहणारी, ठाण्याची, वसाहतीतलं दुसरं मराठी घर. नवरा एक्स-रे विभागात इंजिनियर. ती नोकरी करत नसे. तिलाही एकच मुलगी, माझ्या मुलीच्याच वयाची, आणि ती मुलगी तिच्याजवळ. रोज सकाळी भारतीय शाळेची बस त्यांच्या दाराशी थांबायची. ती मुलीच्या वेणीचं रिबन ओढून सारखं करायची, मुलगी इंग्रजीत वैतागायची, ही मराठीत दटावायची. मी ड्युटीला निघताना हे सगळं बघत असे. मला त्या रिबनचासुद्धा हेवा वाटायचा. लोक म्हणतात जळू नये. मी जळत होते, आणि जळायला मला चांगलं कारण होतं.

ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती लाघवी होती. इंग्रजी फर्डं, हसणं मोठं, कुणाकडेही गेली की दहा मिनिटांत त्यांच्या ओट्याशी उभी. माझा नवरा तिला वहिनी, वहिनी करायचा आणि तिच्या हातच्या सांबारवड्या मिटक्या मारत खायचा. मी नाक मुरडून म्हणायचे, तेल जास्त झालंय.

स्पर्धेच्या तयारीत सुरुवातीला माझी चलती होती. कर्लिंग म्हणून एक खेळ असतो. गुळगुळीत जड दगड बर्फावरून ढकलायचा आणि आखलेल्या गोलात नेऊन थांबवायचा. ते दगड रियाधमध्ये मिळणार कुठून? मी म्हटलं, आमच्याकडे प्रेशर कुकर आहेत. आत वाळू भरा, झाकण घट्ट लावा, दांडा धरून ढकला. मेट्रननं करून बघितलं आणि टाळ्याच वाजवल्या. वसाहतीतल्या सगळ्या भारतीय घरांतून कुकर गोळा झाले. सगळ्यात मोठा अर्थात समोरचीचा निघाला, पण डोकं माझं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून बक्षिसं आणि पाहुण्यांचं स्वागत माझ्याकडे आलं. मी नवऱ्याला घेऊन बथाच्या बाजारात गेले आणि स्टीलच्या वाट्या आणल्या. खोकाभर, सगळ्या एकसारख्या, पारखून घेतलेल्या. पुढच्या मीटिंगला खोका उघडून टेबलावर मांडला. मेट्रननं एक वाटी उलटसुलट करून पाहिली.

"सुरेख," ती म्हणाली. "यातली पहिल्या नंबराची कुठली?"

"सगळ्यांना सारखीच," मी म्हणाले. "आत येतानाच प्रत्येकीच्या हातात द्यायची. त्यात तीळगूळ."

"खेळायच्या आधी?"

"हो."

"मग त्यांनी खेळायचं कशाला?"

सगळे हसले. फिनलंडचा एक डॉक्टर तर टेबलावर डोकं टेकून हसला. मला पहिला-दुसरा नंबर कळत नव्हता असं नाही. शाळेत असताना मीही धावण्यात कप घेतले होते. पण घरी पाहुण्या येणार आणि स्वागत माझ्याकडे, म्हटल्यावर माझं डोकं संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाटेनंच गेलं. आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवायचं नाही आणि एकीला मोठं, एकीला लहान तर मुळीच द्यायचं नाही. ते माझ्या हाडात होतं. त्या टेबलाभोवती ही गोष्ट समजणारी एकच बाई होती आणि ती सगळ्यांच्या बरोबरीनं हसत होती.

"अगं, वाण लुटायला निघालीस होय!" समोरची मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत वळून तिनं सगळ्यांना वाण म्हणजे काय ते इतकं गोड समजावून सांगितलं, की माझी चूक ही तिची गोष्ट झाली. वाट्या दारात सगळ्यांना द्यायच्याच, ती म्हणाली, किती छान प्रथा आहे ही. जिंकणाऱ्यांना आणखी एक, सोनेरी, रुपेरी नाहीतर तांबूस फीत बांधून, त्यावर नाव कोरून. कोरायचं काम माझे मिस्टर वर्कशॉपमध्ये करतील. टाळ्या पडल्या. मेट्रन म्हणाली, मग स्वागत आणि उद्घाटन तुम्हीच सांभाळा ना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाट्या मी पारखल्या, खोका मी उचलून आणला, आणि उद्घाटन हिचं!

उद्घाटनात देशोदेशींचे झेंडे घेऊन मुलं बर्फावर फेरी मारणार होती. सर्वांत पुढे सौदी झेंडा, मागे बाकीचे. भारताचा कुणी धरायचा हे आता समोरची ठरवणार. संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"तुझी येते आहे ना सुट्टीत? आपल्या दोघी मिळून धरतील झेंडा. मी तसं लिहूनच टाकलंय."

म्हणजे मोठं मनही तिचंच. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

डिसेंबर लागला आणि सासूबाईंचा फोन आला. लढाईच्या तोंडात पोरीला पाठवणार नाही, त्या म्हणाल्या. मी ओरडले, आई, इथे काही झालेलं नाही, बाजार चालू आहेत, मुलं शाळेत जातायत. त्यांनी फोन मुलाला द्यायला सांगितला. नवरा तिकडचं ऐकून घेत "हो, हो, बरोबर आहे" म्हणत राहिला आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले. तिला येता येत नसेल तर मी जाते, मला आठवडाभराची सुट्टी द्या. तिथला इजिप्शियन कारकून माझ्याशी नेहमी गोड बोलायचा. तो म्हणाला, "खलास, सिस्टर. ब्लड बँक, ऑपरेशन थिएटर, इमर्जन्सी, कुणालाही एक्झिट-री-एंट्री नाही." म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा बंद. पासपोर्ट हॉस्पिटलच्या कपाटात, माझ्याजवळ फक्त इकामा, तिथे राहायचा परवाना. मी बाहेर येऊन पार्किंगमधल्या उन्हात उभी राहून रडले. मग ड्युटीवर गेले.

त्याच आठवड्यात समोरची आली. डोळे सुजलेले. तिच्या नवऱ्यानं तिची आणि मुलीची तिकिटं काढली होती, स्पर्धेच्या आधीची.

"मला नाही गं जायचं," ती म्हणाली. "सगळं अर्ध्यावर टाकून. पण हे ऐकतच नाहीत."

मला वाटलं होतं ती गेली तर मला बरं वाटेल. स्वागत परत माझ्याकडे येणार होतं, उद्घाटन आणि झेंडाही. पण झालं उलटंच. हिच्या नवऱ्यानं हिला तिकीट आणून दिलं होतं. माझा नवरा आदल्या दिवशी, विषारी वायू सोडला तर खिडक्यांच्या फटींना लावायची चिकटपट्टी घेऊन आला होता. ही नोकरी करत नव्हती म्हणून हिच्याजवळ मुलगी होती, आणि आता नोकरी करत नव्हती म्हणूनच ही सुटली होती.

"मी पुण्याला जाऊन तुझ्या लेकीला बघून येईन," ती म्हणाली. "न्यायचं काही असेल तर दे."

"कशाला उगाच? ठाण्याहून पुणं काय जवळ आहे?"

"अगं, त्यात काय? दे ना काहीतरी."

"नाही गं, काही नाही."

देण्यासारखं घरभर होतं. पण माझ्या मुलीनं दार उघडावं आणि समोर ही असावी, हे मला सहन होईना. मी तिला निरोप द्यायला गाडीपर्यंत गेले. तिच्या मुलीनं "बाय, आंटी" म्हटलं. समोरचीनं मला मिठी मारली. माझे हात खालीच राहिले.

स्पर्धा झाली, आणि चांगली झाली. सिक्युरिटी ऑफिसच्या अटीप्रमाणे सकाळ बायका-मुलांची, दुपार पुरुषांची. गेटवर पास तपासायला वेळ लागला आणि दोन बसगाड्या उशिरा आल्या, पण पाहुण्या आल्या. दारात मी वाट्या दिल्या. एका कोरियन बाईनं तीळगूळ तोंडात टाकला आणि दात दुखल्यासारखा चेहरा केला, मग आणखी मागून घेतला. भारताचा झेंडा धरायला मूल उरलं नव्हतं, म्हणून तो मीच धरला. सलवार-कमीजवर नर्सचा निळा स्वेटर, पायांत भाड्याचे स्केट्स, दोन्ही बाजूंनी दोन मल्याळी नर्सेसनी मला बखोटीला धरलेलं. अर्ध्या फेरीत आम्ही तिघी आपटलो. झेंडा तेवढा मी वर धरून ठेवला. सगळं मैदान हसलं आणि टाळ्या वाजवायला लागलं.

कर्लिंगमध्ये आम्ही कॅनडाला हरवलं. समोरचीचा तो मोठा कुकर मी ढकलला आणि तो गोलाच्या अगदी मधोमध जाऊन थांबला. मेट्रन धावत आली, तिनं माझ्या हातात सोनेरी फितीची वाटी दिली आणि माझं नाव घेऊन माइकवर काहीतरी बोलली. ज्या-ज्या गोष्टींसाठी मी दोन महिने धुमसत होते त्या सगळ्या त्या सकाळी माझ्याकडे होत्या. पुढचा खेळ बारा ते चौदाच्या मुलींचा होता. एक आयरिश पोरगी दोन वेण्या उडवत मैदानभर गिरक्या घेत होती. मला तिकडे बघवेना. मी कुकरमधली वाळू काढायच्या निमित्तानं बाहेर आले.

पुरुषांचे खेळ सुरू झाले तेव्हा घरी जाऊन मी पुण्याला फोन लावला. बऱ्याच वेळानं लागला. "हॅलो" म्हणणारा आवाज सासूबाईंचा नव्हता.

"अगं, तूच का?" समोरची म्हणाली. "झाली का स्पर्धा? कोण जिंकलं?"

"तू तिथे कधी गेलीस?"

"परवा आले. पत्ता तुझ्या मिस्टरांकडून घेऊन ठेवला होता. तुझ्या सासूबाई जाऊच देईनात. थांब, तुझी लेक इथेच आहे, देते."

मुलगी आली. मी विचारलं, बरी आहेस? हो. अभ्यास? हो. आजीला त्रास देत नाहीस ना? नाही. मी तिला झेंड्याचं सांगायला लागले, कसे आपटलो, कुकर कसा गोलात गेला. ती ऐकत होती की नाही कळेना. मग म्हणाली, "आई, मावशी बोलतायत तुझ्याशी," आणि फोन देऊन टाकला.

समोरचीनं आवाज खाली आणला. "ऐक, सासूबाई देवळात गेल्यात तोवर सांगते. घाबरू नकोस. तिला पाळी आली. मी आले त्याच्या दोन दिवस आधी. आजीला सांगायची लाज वाटली म्हणून गप्प होती. बाबांचे जुने रुमाल घडी करून एकटीच निभावत होती बिचारी. मी आले आणि मला आत नेऊन सांगितलं. मी सगळं समजावलंय, सामान आणून दिलंय. आता ठीक आहे."

मला त्या बाईचा इतका राग आला, की तिला त्या घरातून हाकलून द्यावंसं वाटलं. माझ्या मुलीनं ते कुणाला सांगितलं, तर हिला. ते ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते हिनं पाहिलं. ते माझं होतं. तेवढं एक तरी माझं होतं. आणि ही नसती, तर माझी पोर अजून ते रुमालच धूत बसली असती, हेही मला त्याच वेळी दिसत होतं, आणि त्यानं माझा हेवा कमी होत नव्हता.

"ऐकतेयस ना?" ती म्हणाली.

"हो."

"रडू नकोस."

"नाही रडत. ऐक ना," मी म्हणाले. "तिला जरा जवळ घे."

"घेतलंय केव्हाच," ती म्हणाली.