शिरोरेषा सरळ काढावी

माझं काम आईला कधी नीट समजावून सांगता आलं नाही. लातूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी छपाईचे रबरी पॅड तयार करते. मऊ रबराचा घुमट शाई भरलेल्या कोरीव प्लेटवर दाबायचा, अक्षरं उचलायची आणि बाटलीवर, बुचावर, गोल-वाकड्या कशावरही नेऊन टेकवायची. घुमटाचा आकार आधी कॉम्प्युटरवर दाबून बघायचा, मगच रबर ओतायचं. हे सगळं ऐकून आई म्हणायची, "म्हणजे शिक्केच मारायलीस की!"

आई देगलूरकडच्या एका शाळेत पहिलीला शिकवायची. मीही तिच्याच हाताखाली शिकले, पण वर्गात मी तिची लेक नव्हते. इतर पोरांच्या वहीवर 'शाब्बास' पडायचं, माझ्या वहीवर 'पुन्हा लिहा'. बाईंनी स्वतःच्या पोरीला डोक्यावर घेतलं, असं कुणी म्हणू नये म्हणून! मला त्याचा भारी राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

निवृत्तीच्या तोंडावर तिचा फोन आला. वर्गातल्या प्रत्येक पोराला 'शाब्बास' छापलेला प्लॅस्टिकचा चेंडू द्यायचा होता. "तुझ्या रबरानं जमतंय का बघ." माझ्या कामातलं काही तिनं पहिल्यांदाच मागितलं होतं. माझे पाय जमिनीवर राहिनात.

त्या आनंदात हाताला लागला तो पॅड लावून एक चेंडू छापला नि पाठवला. तो परत आला. शिरोरेषेभोवती लाल पेनानं गोल, खाली 'पुन्हा लिहा'.

खरंच की! रेघ दोन्ही टोकांना खाली लोंबत होती. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर रेघच नसते, त्यामुळे त्यांच्यात एवढा वाकडेपणा खपून जातो. मराठीत चोरी लगेच उघडी पडते.

मग कॉम्प्युटरवरच्या रबरावर चौकटींची जाळी आखली आणि ते चेंडूवर दाबून पाहिलं. घुमटाचं मधलं टोक आधी टेकायचं, आणि रबर पसरताना शब्दाची टोकं सोबत ओढून न्यायचं. घुमट जरा उभट केला, ओढ कमी झाली. पण उरली ती उरलीच. शेवटी प्लेटवरची रेघच मी मुद्दाम उलटी, टोकांना वर वळवून काढली. पडद्यावर ती चेंडूला टेकली आणि सरळ झाली. मी खुर्चीतच नाचले.

खरी छपाई बघायला आई स्वतः लातूरला आली. प्लेट पाहून तिच्या कपाळाला आठ्या.

"अगं माय, ही तर पहिल्यापेक्षा लई वाकडी हाय!"

"आई, थांब की जरा."

पॅड प्लेटवर दबला, उठला, चेंडूवर दबला. रेघ पट्टी धरून काढल्यासारखी सरळ! आईनं चेंडू उजेडात फिरवून फिरवून पाहिला. लाल पेन पर्समध्ये होतंच, पण ते बाहेर आलं नाही.

मग तिनं चेंडू माझ्यापुढं धरला.

"वाच."

"शाब्बास," मी वाचलं.

"मोठ्यानं."

"शाब्बास!"

"हां," ती म्हणाली. "तुझाच हाय तो. आता पोरांचे छाप."