नर्सबाईंचं कुंकू

प्रमोदिनीबाई सुईणपणाचं शिक्षण घेऊन सरकारी दवाखान्यात लागल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या, आणि विधवा होऊन सहा वर्षं झाली होती. पहिली नेमणूक कल्याणजवळच्या एका खेड्यात. तिथं त्यांना बोलावणं यायचं ते सगळं हाताबाहेर गेल्यावर. एका पहिलटकरणीची सासू तर दारातच आडवी आली. "बाई, तुमच्या हाताला गुण असेल, पण पांढरं कपाळ आत नको हो." दुसऱ्या दिवशी ती पोर गेली. मूलही गेलं.

एक्कावन्न साली खडवलीला बदली झाली. पहिल्याच सकाळी त्यांनी कपाळाला मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं, हातांत हिरव्या बांगड्या चढवल्या. मालक बोटीवर असतात, एवढंच लोकांना सांगितलं.

पहिली कळ आली की आता बोलावणं येऊ लागलं. साबणाने हात धुणं, कात्री उकळून घेणं, गावची जुनी सुईण ठमाबाईसुद्धा कुरकुरत शिकली. दोन वर्षांत एकही बाळंतीण दगावली नाही.

वटपौर्णिमेला शेजारची तुळसा हाक मारी, "चला की नर्सबाई! बोटीवरचा असला म्हणून काय झालं, सात जन्म तोच मागून घ्या!" बायका खिदळत. प्रमोदिनीबाई वडाला सूत गुंडाळत. नवऱ्याच्या तिथीला मात्र दार लावून बसत. रडत नसत, डोळे कशाने सुजले म्हणून कुणी विचारलं तर काय सांगणार? दिवसभर दारात माणसं असत, पण खरं बोलावं असं त्यांत एकही नव्हतं.

आपलं माणूस म्हणजे ठाण्याचा धाकटा भाऊ उत्तम आणि त्याच्याकडे राहणारी आई. दिवाळीला त्या तिकडे जात, कपाळ पुसून. एका रविवारी दुपारी उत्तमच न कळवता आला. चहाचा पेला पुढे आला तेव्हा त्याचं लक्ष हातातल्या बांगड्यांकडे गेलं, मग कपाळाकडे.

"ताई, हे काय सोंग?"

"सोंगच आहे रे. पण त्याच्यामुळे इथल्या पोरी वाचतात."

"कुणाच्या नावाचं लावतेस? आईला कळलं तर अन्न सोडेल ती. पूस आधी. नाहीतर आमच्या दारात येऊ नकोस."

तेवढ्यात तुळसाचा नवरा विश्राम धापा टाकत आला. "नर्सबाई, चला, कळा लागल्यात!" मग उत्तमकडे बघून हसला. "मालक आले वाटतं?"

"भाऊ आहे माझा," त्या म्हणाल्या. उत्तम एक शब्द बोलला असता तर तिथंच सगळं संपलं असतं. तो भिंतीकडे बघत राहिला.

त्यांनी पिशवी उचलली. घामाने कुंकू ओघळलं होतं. आरशासमोर उभं राहून, भावाच्या देखत, त्यांनी ते नीट केलं आणि निघाल्या.

दिवेलागणीला परतल्या. तुळसाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. घरात उत्तम नव्हता. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

त्या दिवाळीला ठाण्याहून पत्र आलं नाही. मांडीवर लेक घेऊन तुळसाने विचारलं, "भाऊबीजेला गेला नाहीत?"

"कामं फार होती गं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि बाळाची नखं वाढलीत का ते बघू लागल्या.