मैदानाकडे पाठ

आमचे जीएमकाका मॅच बघायला यायचे आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. बेस्ट या डच गावातल्या आमच्या हॉकी क्लबमध्ये नवा आलेला प्रत्येक पालक पहिल्या शनिवारी हेच विचारायचा, की हा उंच, टोपीवाला भारतीय माणूस उलटा का उभा आहे? मीही विचारलं होतं. काका म्हणाले, "जी खेळतायत त्यांना सगळेच बघतायत. बसलेल्यांकडे कोण बघणार?"

ते बाकाकडे बघायचे. राखीव खेळाडूंपैकी कोण पाय हलवतंय, कोण गवत उपटतंय, कोण आईची नजर चुकवतंय, हे सगळं त्यांना दिसायचं. मैदानावरचा स्कोअर मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारावा लागायचा.

काका मूळचे खडकीचे. तरुणपणी तिथे हॉकी खेळले, मग इंजिनीयर होऊन आइंडहोवनला आले आणि नोकरीतून लवकर मोकळे झाल्यावर क्लबचे जनरल मॅनेजर झाले. टीम पाडणं, कोच नेमणं, मैदानांच्या वेळा ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. आम्हा मराठी घरांनी त्यांचं 'जीएमकाका' केलं, आणि पुढे डच मुलंही त्यांना 'काका' म्हणू लागली. ते त्यांचं नावच आहे अशी बऱ्याच जणांची समजूत होती.

माझी मुलगी इरा पुण्याहून आल्या आल्या क्लबात गेली, तेव्हा तिला डच येत नव्हतं आणि हॉकी त्याहून कमी येत होतं. ती सहाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या टीमच्या बाकावर हेल्मेट घातल्यासारखी ताठ बसली होती. काका तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय गं, स्टिक धरलीयस की लाटणं?"

इरा हसली. या देशात आल्यापासून घराबाहेर पहिल्यांदाच. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी खडकीत फार बसलोय बाकावर. तिथून मैदान लांब दिसतं हो."

त्यांचा एक नियम होता आणि तो पोरासोरांपासून महिलांच्या पहिल्या टीमपर्यंत सगळ्यांना लागू होता. या शनिवारी शेवटची शिट्टी वाजताना जी बाकावर असेल, ती पुढच्या शनिवारी सुरुवातीपासून खेळणार. तिच्या जागी दुसरी कोणी तरी बाकावर सुरुवात करणार, मग ती कितीही भारी खेळो. हॉकीत खेळाडू हवे तेव्हा आतबाहेर करता येतात, त्यामुळे भारी खेळाडू थोड्या वेळाने आत यायचीच. पण सुरुवात बाकावरून.

दुसरा नियम कॅन्टीनचा. इथे मॅचनंतर पाहुण्या टीमलाही खाऊ घालायची पद्धत आहे. टोस्टीचा, म्हणजे भाजलेल्या चीज सँडविचचा, पहिला ट्रे कुठे जाणार हे काका ठरवायचे. "जिंकलेल्यांना भूक नसते. हरलेल्यांना आधी वाढा." कॅन्टीनची पाळी असली की मला याचा वैताग यायचा, कारण आमची टीम जिंकली की आमचीच मुलं काउंटरवर टकटक करत उभी असायची.

वैताग इतरही होते. मी क्लबची सेक्रेटरी, पोटापाण्याला प्रोजेक्ट प्लॅनर. काका ईमेल वाचायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. मैदान एकाच वेळी दोन टीमना द्यायचे. किल्ल्या इतक्या हरवायचे, की मी त्या त्यांच्या टोपीला शिवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या. मी रागावले की ते म्हणायचे, "सेक्रेटरीबाई, तुम्ही आहात म्हणून तर मी बिनधास्त आहे."

मग ती मॅच आली. महिलांच्या पहिल्या टीमला वरच्या गटात टिकायचं तर जिंकणं किंवा बरोबरी करणं भाग होतं. आमची सर्वात चांगली खेळाडू फ्लोर. नेमकी त्या दिवशी बाकावर सुरुवात करायची पाळी तिची. क्लबचे अध्यक्ष योहान हे काकांच्या मागे मागे फिरत होते. "फक्त आजचा दिवस. एक दिवस नियम बाजूला ठेव."

काका म्हणाले, "सोप्या दिवशी पाळायला नियम कशाला लागतो?"

फ्लोर आत जाईपर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते. तिने एक फेडला. दुसरा फिटला नाही. टीम खालच्या गटात गेली आणि त्या उन्हाळ्यात क्लबने काकांना फार सभ्यपणे निरोप दिला. 'नवी दृष्टी हवी' असं पत्रकात छापलं होतं. निरोपाला मोठा पुष्पगुच्छ होता. इथल्या पद्धतीने योहान गालाला गाल लावायला पुढे आले, तर काकांनी मध्येच नमस्कारासाठी हात जोडले आणि फुलं दोघांच्या मध्ये चेंगरली. काका हसत होते. नंतर ते लेकीजवळ उइटहॉर्नला राहायला गेले.

त्यांच्या जागी रूबेन आला. तरुण, नीटनेटका, ईमेलला त्याच दिवशी उत्तर देणारा. मला तो आवडला, हे सांगायला हवं. वार्षिक सभेत त्याने ठराव आणला, की बाकाचा नियम रद्द करावा. योहाननी मला बजावलं, "मतदानाआधी आधीच्या मॅनेजरच्या कामाचा आढावा दे. भावनेत जाऊ नकोस."

मी भावनेत गेले नाही. चषक एकही नाही. पहिली टीम खाली घसरली. मैदानांच्या वेळांचा गोंधळ कायम. खालच्या टीमना चांगले कोच मिळाले, मुलं क्लबात टिकली. वाचून झाल्यावर मला जाणवलं, की सगळं खरं होतं आणि त्यात काका कुठेच नव्हते. तरी मी कागद मिटला. मी खाली बसले. समोर इरा बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात फ्लोर उठली.

"त्या दिवशी बाकावर बसताना मी चिडले होते. अजूनही चिडलेय. आपण त्या नियमामुळे हरलो, हे मान्य. पण मी लहानपणी सहाव्या टीममध्ये होते, हे इथे किती जणांना माहीत आहे? मी हॉकी सोडणार होते. एक माणूस दर शनिवारी मॅच सोडून माझ्याकडे बघत उभा राहायचा. मग सोडायची लाज वाटायला लागली."

ती बसली. हात वर झाले. नियम राहिला.

सायकलवरून घरी येताना इरा इतकंच म्हणाली, "आई, जस्ट कॉल हिम."

सकाळी फोन केला. सगळं क्रमाने सांगितलं. आढावा, फ्लोर, मतदान. काका ऐकत होते. मला वाटलं, आता ते फ्लोरबद्दल विचारतील.

"बरं झालं," ते म्हणाले. "रूबेन कुठे बसला होता?"

"कोण? हां, रूबेन. मागे, दाराजवळ."

"सभा संपल्यावर त्याच्याशी कोण बोललं?"

सभेला कोण आलं, कोण नाही, कॉफी कोणी केली, खुर्च्या कोणी आवरल्या, हे मी झोपेतही सांगितलं असतं. हे मात्र सांगता येईना.

"माहीत नाही, काका."

"अहो सेक्रेटरीबाई," ते म्हणाले, "पोरगं हरलंय ना."

शनिवारी माझी कॅन्टीनची पाळी नव्हती. तरी गेले. ट्रेमधली पहिली टोस्टी कागदात गुंडाळली आणि बाहेर आले. रूबेन मैदानाच्या कडेला एकटाच उभा होता, हात खिशात. "तुझ्यासाठी," मी म्हटलं. तो म्हणाला, भूक नाही. मग त्याने ती घेतली आणि भराभरा खाऊ लागला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. माझ्या पाठीमागे एकदम आरडाओरडा झाला, कोणाचा तरी गोल झाला असावा. मी वळले नाही.